अंगणात भारंगी लावा, कास पठार आहे तिथेच राहू द्या

परसबाग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, आम्ही शाहूपुरीत राहतो. घरापुढची आणि बाजूची मिळून अर्धा गुंठा मोकळी जागा आहे. माझं आजोळ मेढ्याच्या पलीकडे. तिथं परड्याच्या कडेला भारंगी असायची आणि पावसाळ्यात आजी तिच्या फुलांची भाजी करायची. आमच्या अंगणात गुलाब, जास्वंद, क्रोटन सगळं आहे, पण मधमाशी काही फिरकत नाही. भारंगी साताऱ्यात लागेल का? आणि सप्टेंबरात कासला गेलो होतो, तिथली टोपली कारवी किंवा ती बारीक निळी फुलं मातीच्या गड्ड्यासकट आणून लावली तर जगतील का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे मला स्पष्टच बोलायचं आहे. काही आणू नका. एक रोप नको, एक कंद नको, मूठभर माती नको. कास राखीव वनात येतं, २०१२ पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा स्थळांत त्याची गणना आहे, तिथलं काही उपटणं कायद्यानं मना आहे. आणि नुसता कायद्याचा धाक म्हणून सांगत नाही. ते झाड तुमच्याकडे जगणारच नाही. कासला वर सगळा जांभा दगड आहे आणि त्यावर मातीचा जेमतेम थर. पावसाळ्यात तो थर महिनोन् महिने पाण्यानं गच्च असतो आणि उन्हाळ्यात तिथे पाय भाजतात. मातीत कसदार असं फारसं काही नसतं, आणि तिथल्या झाडांना तेच मानवलेलं आहे. तुम्ही पाहिलेली बारीक निळी फुलं बहुतेक सीतेच्या आसवांची. त्या झाडाला खरी मुळंच नसतात. मातीतल्या पाण्यात त्याच्या इवल्याशा पिशव्या असतात, त्या अतिसूक्ष्म जीव पकडतात आणि त्यावर ते झाड वाढतं. त्याला तुम्ही शेणखताच्या कुंडीत लावलंत तर आठवडाभरात ते कुजेल. टोपली कारवी तर पठाराचा वारा, धुकं आणि तो दगड यांच्याशिवाय राहतच नाही. दर वर्षी कितीतरी माणसं तिथून ‘एकच’ रोप आणतात आणि ती सगळी रोपं मरतात.

आता भारंगी. साताऱ्यात लागेल, आणि चांगली लागेल. ही पठारावरची लाडावलेली वनस्पती नव्हे. ती आपल्या डोंगरउतारांवरची, झुडपांच्या कडेची, बांधाच्या आधारानं वाढणारी. जावळी, पाटण, महाबळेश्वरच्या उतारांवर ती आपसूक येते. तुमच्या शाहूपुरीपासून तिचं मूळ घर फार लांब नाही, म्हणून मी तुम्हाला तीच लावा म्हणते.

आधी तुमच्या अंगणात माशी का येत नाही ते बघू. क्रोटन आपण पानांसाठी लावतो, त्याच्या फुलाकडे कुणी बघतही नाही. बाजारातल्या भरगच्च गुलाबात पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, म्हणजे फूल मोठं आणि आत पराग जवळजवळ नाहीच. जास्वंदीवर शिंजीर पक्षी येईल, मधमाशीला तिच्यात फारसं काम नाही. म्हणजे अंगण रंगीत आहे, पण माशीच्या दृष्टीनं तिथे जेवण वाढलेलंच नाही.

रोप कुठून आणायचं? आजोळी अजून कुणी असेल तर मामांना फोन करा. परड्यातली भारंगी असेल तर तिच्या बुंध्याशेजारी फुटवे आलेले असतात. मृगाचा पाऊस लागला की एखादा फुटवा मुळासकट कुदळीनं अलगद सुटा करून आणायचा. हा सगळ्यांत खात्रीचा मार्ग. काडीही लागते. पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना पार जून, तीन डोळ्यांची काडी घ्या. पानं निम्मी कापा, दोन डोळे वाळू-मातीच्या मिश्रणात जातील अशी खोचा आणि सावलीत ठेवा. बियांपासून करायचं तर पावसाळा सरताना फळं काळी-जांभळी होतात तेव्हा ती वेचा, गर धुऊन टाका, बी सावलीत सुकवा. भारंगीचं बी एकदम उगवत नाही, मागे-पुढे उगवतं, तेव्हा वाफा लवकर मोडू नका. रानातून मात्र आख्खं झाड उपटू नका. भारंगीचं मूळ औषधात जातं आणि मूळ काढलं की झाड गेलं. रानातली भारंगी तशीही या मुळाच्या मागणीपायी कमी होत आहे.

जागा अशी निवडा की सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारी थोडी सावली येईल. आंब्याच्या किंवा शेवग्याच्या पूर्वेची बाजू उत्तम. दीड फुटाचा खड्डा घ्या, त्यात तिसरा हिस्सा मुरूम, बाकी तिथलीच माती आणि घमेलंभर जुनं, पूर्ण कुजलेलं शेणखत. एवढंच. दर वर्षी खत घालू नका आणि युरिया तर दाखवूही नका. खतावर भारंगी दणकट दिसते, पानं तळहाताहून मोठी होतात, पण काड्या लांबतात, वाऱ्यानं आडव्या होतात आणि तुरे कमी येतात. माझ्या रोपवाटिकेत लोक हिरवंगार रोप मागतात, मी त्यांना मुद्दाम मुरमातलं खुरटलेलं देते. पुढच्या पावसाळ्यात तेच आधी फुलतं.

पाणी पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पोटभर. दुसऱ्या वर्षापासून त्याहूनही कमी. उन्हाळ्यात भारंगी पानं गाळते, काड्या वाळल्यासारख्या दिसतात आणि लोकांना वाटतं, मेली. ती मेलेली नसते, खाली मूळखोड जिवंत असतं. फाल्गुनात वाळक्या काड्या जमिनीपासून वीतभर ठेवून कापा. वळवाची सर झाली की बुडातून फुटवे येतात, आणि फुलांचा तुरा त्या नव्या फुटव्याच्या शेंड्यावरच येतो. छाटायला हात आखडलात तर झाड उंच, उघडं आणि थोड्याच तुऱ्यांचं होतं. एकच झाड लावू नका, तीन-तीन फुटांवर निदान तीन लावा. एका जागी भरपूर फुलं दिसली तरच माशी वाट वाकडी करून येते आणि पुन्हा येते.

फूल उघडलं की सकाळी घरातल्या मुलांना घेऊन त्याच्याजवळ बसा. धड्यात जे चित्र काढून दाखवतात ते इथे डोळ्यांसमोर घडतं. पाच पाकळ्यांपैकी चार फिक्या निळ्या आणि खालची एक मोठी, गडद जांभळी. ती उतरायची जागा. काळाभोर भुंगा येतो, पंखांवर निळी-जांभळी झाक असलेला, आणि धप्पकन त्या जांभळ्या पाकळीवर बसतो. त्याच्या वजनानं आख्खं फूल खाली वाकतं. तो मधासाठी डोकं नळीत घालतो आणि वरून कमानीसारखे पुढे आलेले चार लांब पुंकेसर त्याच्या पाठीला टेकतात. पराग पाठीवर बसतो, जिथे त्याचे पाय नीट पोचत नाहीत. आता शेजारचं आधी उघडलेलं फूल बघा. तिथले पुंकेसर मागे वळलेले असतात आणि त्यांच्या जागी स्त्रीकेसर पुढे आलेला असतो. भुंगा त्या फुलावर गेला की पाठीवरचा पराग बरोबर त्याच्या टोकाला लागतो. एका फुलात आधी नराची पाळी, मग मादीची, म्हणजे फुलानं स्वतःचाच पराग स्वतःला लावून घेऊ नये. सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती आपली देशी मधमाशी, या फुलावर येते, पण ती हलकी आणि लहान, पुंकेसरांना न शिवताच मध घेऊन जाऊ शकते. भारंगीचं खरं नातं भुंग्याशी आहे.

भुंगा नुसता जेवायला येतो असं धरून चालू नका, त्याला राहायलाही जागा लागते. तो वाळक्या लाकडात, जाड बांबूत गोल भोक पाडून घर करतो. तुमच्याकडे शेवग्याची किंवा आंब्याची वाळकी फांदी असेल आणि ती कुणाच्या डोक्यावर पडण्यासारखी नसेल तर ती तशीच राहू द्या, किंवा चार बांबू कोपऱ्यात आडवे बांधून ठेवा. बऱ्याच एकट्या राहणाऱ्या माश्या उघड्या जमिनीत किंवा मातीच्या भिंतीत बिळं करतात. आख्ख्या अंगणात फरशा आणि पेव्हर ब्लॉक बसवले की त्या सगळ्या बेघर होतात. माझी विनंती आहे, हातभर का होईना, जमीन उघडी ठेवा. पालापाचोळा एका कोपऱ्यात कुजू द्या, जाळू नका.

भारंगीचा बहर आषाढापासून भाद्रपदापर्यंत. पुढे माश्यांनी काय करायचं? त्यासाठी अडुळसा लावा, तो हिवाळ्यात आणि पुढे उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत फुलतो. वृंदावनातली तुळस आहेच, पण तिच्या सगळ्या मंजिऱ्या खुडू नका. निम्म्या फुलू द्या आणि दुपारी तिच्यावर किती जीव आहेत ते बघा.

आणि भाजी जरूर करा. फुलं उकडून, पिळून, मुगाच्या डाळीत. फक्त एका तुऱ्यातली निम्मीच फुलं घ्या.

प्रश्न : मिरजेत नवीन घर बांधलं आहे. काळी माती, बोअरचं पाणी, जमिनीवर पांढरा थर येतो. आम्हालाही रानफुलं हवी आहेत. तुम्ही साताऱ्याची झाडं सांगता, ती इकडे येतील का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : सगळी येणार नाहीत आणि ती ओढूनताणून आणूही नका. महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तुमच्याकडे साधारण ६००. कृष्णाकाठची काळी माती पाणी धरून बसते आणि पांढरा थर म्हणजे क्षार वर आलेत. अशा जमिनीत भारंगीचं मूळ कुजतं. घराच्या पूर्वेला दीड फूट उंचीचा मुरमाचा वाफा करा आणि गच्चीवरचं पावसाचं पाणी साठवून तेच पाजा, तर ती टिकेल. बोअरच्या पाण्यावर तिचा भरवसा देणार नाही.

त्यापेक्षा तुमच्या भागाला साजेशी झाडं निवडा. अडुळसा काटक आहे. चित्रकाला पांढरी नळीसारखी फुलं येतात, ती फुलपाखरांना आवडतात, आणि झेब्रा ब्लू नावाचं छोटं निळसर फुलपाखरू आपली अंडी त्याच्यावर घालतं. मात्र चित्रकाचं मूळ उघड्या हातानं हाताळू नका, कातडीवर फोड येतात. रानतुळस कुठेही येते. आणि विष्णुक्रांता अवश्य लावा. माळावर मुरमात पसरणारी, निळ्या बटणाएवढ्या फुलांची ही वेल वर्षानुवर्षं राहते. वाफ्याच्या कडेला दगडांच्या सांदीत लावलीत तर पाणी जवळजवळ मागणारच नाही. दंडोब्याच्या डोंगरावर पावसाळ्यात फिरायला जाल तेव्हा काय काय फुललंय ते वहीत टिपून ठेवा. तुमच्या अंगणाची यादी तीच.

प्रश्न : घरात दोन लहान मुलं आहेत. माश्या-भुंगे बोलावून घ्यायचे म्हणजे धोका नाही का? आमच्या शेजारच्या इमारतीवर आग्या मोहोळ आहे.
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : काळजी योग्य आहे, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. फुलावर आलेली माशी आणि पोळ्यावरची माशी. फुलावर माशी कामात असते. तिला मुठीत पकडलं नाही, पायाखाली चिरडलं नाही तर ती नांगी मारत नाही, मग ती आग्याची का असेना. हल्ला होतो तो पोळ्याजवळ. कुणी दगड मारला, खाली जाळ केला, फटाके लावले तर. शेजारच्या पोळ्याला कुणी धूर करणार असेल तर हात जोडून थांबवा आणि जाणकार माणसाला बोलवा.

भुंग्याचा आवाज मोठा असतो म्हणून मुलं घाबरतात. नर भुंग्याला नांगीच नसते, आणि मादी सहसा नांगी वापरत नाही. मुलांना बोट न लावता बघायला शिकवा. तुमच्या घरी कुणाला माशी चावल्यावर अंगभर गांधी उठणं, श्वास लागणं असं पूर्वी झालं असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय दाराशी फुलझाडं लावू नका. ती घरापासून लांब, कुंपणाशी लावा.

प्रश्न : डाळिंबाची बाग आहे. फुलगळ होते, सेटिंग कमी. बांधावर रानफुलं लावली तर उपयोग होतो असं ऐकलं. कोणती लावावीत?
– एक शेतकरी, आटपाडी

उत्तर : फुलगळीची कारणं अनेक, पाणी, अन्नद्रव्यं, बुरशी, हवा. तेव्हा सगळा भार माशीवर टाकत नाही. पण डाळिंबात काही फुलं नर आणि काही फळ धरणारी असतात, आणि पराग एकीकडून दुसरीकडे न्यायला माशी हवीच. तुमची अडचण अशी की बहरापूर्वी पाणी तोडून बागेला ताण देता तेव्हा शिवारात फुलं नसतात. माश्या उपाशी राहतात किंवा निघून जातात, आणि ज्या दिवशी तुमची बाग फुलते त्या दिवशी त्या जवळ नसतात. बांधावरची झाडं ही मधली पोकळी भरण्यासाठी.

आंबे बहार, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला फुलोरा, धरत असाल तर हिवाळ्यात फुलणारा अडुळसा बांधाला लावा. त्याला शेळ्या तोंड लावत नाहीत, ही आटपाडीत मोठी गोष्ट आहे. त्याच्याजोडीला शेवगा आणि रानतुळस. पाटाच्या कडेला किंवा ठिबकच्या शेवटच्या टोकाला लावलंत तर वेगळं पाणी द्यावं लागणार नाही.

पण बांध फुलवून वर फुलोऱ्यात कीटकनाशक मारणार असाल तर मी म्हणेन, बांध लावूच नका. तुम्ही माश्यांना बोलावून मारताय. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या रसात भिनणारी, औषधं मधात आणि परागात उतरतात. युरोपीय संघानं या गटातल्या तीन औषधांचा उघड्या शेतातला वापर २०१८ मध्ये बंद केला तो मधमाश्यांपायीच. फवारणी टळत नसेल तर फुलं उमलण्याआधी उरका, आणि बहरात करावीच लागली तर दिवस मावळल्यावर, माश्या परतल्यावर. बांधावरच्या फुलांवर तुषार जाऊ देऊ नका.

सातेरीच्या पेट्या ठेवायचा विचार असेल तर महाबळेश्वरला मधसंचालनालय आहे, तिथे प्रशिक्षण मिळतं. जवळच मांघर आहे, २०२२ मध्ये ते ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं. पेट्या विकत घेण्याआधी तिथल्या लोकांशी एकदा बोलून या.

प्रश्न : ‘वाइल्डफ्लॉवर मिक्स’ म्हणून बियांचं पाकीट ऑनलाइन मागवलं आहे. गावाकडे माळावर टाकू का? शिवाय कारवीचं बीही मिळतंय.
– एक वाचक, वाई

उत्तर : माळावर टाकू नका. अशा पाकिटात बहुतेक परदेशी बी असतं, कॉसमॉस वगैरे. केशरी कॉसमॉस मेक्सिकोकडचा. तो आपल्या डोंगरांवर सुटला की दाट माजतो आणि खालचं गवत, तेरडा, सोनकी दबून जातात. घाणेरीनं काय केलं ते आपण बघतोच आहोत. पाकीट आलंच असेल तर कुंडीत लावा आणि बी धरण्याआधी फुलं कापा.

कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि फुलून मरते. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ ला फुलली, मग २०२४ ला. डोंगर भरून फुलते तेव्हा माश्यांना सुगी असते, पण अंगणातल्या चार झुडपांनी मधली वर्षं त्यांच्या पोटाला काही मिळत नाही. ती जागा भारंगीला द्या.

प्रश्न : गुलाबाच्या पानांना कडेनं गोल-गोल तुकडे कापल्यासारखे दिसतात आणि लिंबाची पानं अळ्या खातात. कोणतं औषध मारू?
– एक वाचक, कराड

उत्तर : कोणतंही नाही. गोल तुकडे पानकापी माशी नेते. ती पान खात नाही, पोकळ काडीत घर करते आणि त्या तुकड्यांनी अंड्यांच्या खोल्या सारवते. गुलाबाला त्याचा काही तोटा नाही. लिंबावरच्या अळ्या फुलपाखरांच्या असतात. लहानपणी त्या पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मग हिरव्या होतात. महाराष्ट्रानं २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंतही लिंबाच्याच कुळातल्या झाडांवर वाढतं. झाड कमरेच्या वर गेलं असेल तर अळ्यांना खाऊ द्या, नवी पालवी येते. अगदी लहान रोप असेल तर अळ्या हातानं उचलून मोठ्या लिंबावर किंवा कढीपत्त्यावर सोडा.